खोबरेल गोठलं पाहिजे

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बंद गाडीत उदबत्ती लावून बसले होते. भर उन्हाळ्यातली दुपार, काचा घट्ट वर केलेल्या, आणि आत साठीच्या पुढचा हा माणूस बनियनवर, घामानं निथळत, हातातली उदबत्ती कधी पायाशी, कधी स्टिअरिंगच्या खाली, कधी दाराच्या फटीशी नेत होता. मला वाटलं, गाडीची पूजा चाललीय. पण चेहरा पूजेचा नव्हता, चोर शोधणाऱ्याचा होता. मी काचेवर टकटक केलं तर आतूनच हात करून थांब म्हणाले. मी उन्हात उभा राहिलो.

बाहेर आल्यावर म्हणाले, "धूर कुठं हलतो ते बघून राहिलो होतो. जिथं हलतो तिथं भोक हाय. जिथं भोक हाय तिथून गरमी येती." मग अंगावरचा घाम पंच्यानं पुसत विचारलं, "तू कोण?"

मी गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा. हिंगोलीतल्या गोरेगावकडच्या तांड्यावरचा, आयटीआय करून नांदेडच्या एका गॅरेजात हात काळे केलेले, आणि आता स्वतःचं दुकान टाकायची खुमखुमी. कनेरगाव नाक्यावर, वाशिम रोडला लागून, यांचं एक शटर रिकामं आहे असं ढाब्यावर कळलं म्हणून विचारायला गेलो होतो. पण 'एसी' हा शब्द कानावर पडला आणि त्यांनी शटरचं नावच काढलं नाही. दंड धरून मला त्या भट्टीत बसवलं आणि दार लावून घेतलं. काचेतून ओरडून म्हणाले, "सांग, आधी कुठं भाजतं?"

"तळव्याला भाजतं, मालक."

"शटर तुझं," ते म्हणाले.

तेव्हापासून मी त्यांना मालकच म्हणत आलो. त्यांनीही माझं नाव कधी विचारलं नाही, मला 'एसीवाला' म्हणायचे. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर माझं नाव वाचून त्यांनी "हा कोण?" असं विचारलं होतं.

गाडी दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची, विलायती. मालकांचे एक चुलते हैदराबादला वकील होते, त्यांनी कुण्या नवाबाच्या घरातून घेतलेली आणि पुढं पुतण्याला दिलेली. रंग एके काळी हिरवा असावा. गावातली पोरं तिला बेडूक म्हणायची. पुढं दोन माणसं बसायची आणि मागं जागा म्हणावी तर पिशवी ठेवण्यापुरती, तिथं माणूस बसवायचा तर गुडघे हनुवटीला लागायचे. अशी गाडी थंड्या मुलखात पळवायला केलेली. इंजिन जवळजवळ मांडीवर, काचा लहान, हवा यायला वाव नाही. आमच्याकडच्या वैशाखात तिच्यात बसणं म्हणजे हळद शिजवायच्या कढईत बसणं. आणि हा माणूस त्या गाडीला गार करायच्या नादाला लागला होता, तोही आजकालचा नाही, मी जन्मायच्या आधीपासूनचा.

मालकांचा सगळ्या जगाशी एकच हिशेब होता, ऊन आणि सावलीचा. कुणी घरी आलं की रामराम करायच्या आधी त्याच्या हाताला हात लावायचे. "गरम हायस. बस. पाणी पे." खिशात कांदा असायचाच, ऊन बाधू नये म्हणून, आणि तो जुना झाला की गाईला देऊन नवा घ्यायचे. लग्नाला गेले की नवरानवरीकडं न बघता मांडवातल्या कूलरच्या मागं जाऊन उभे राहायचे आणि मांडववाल्यांना सांगायचे, "ह्याची गवताची पट्टी उलटी लावली रे लेकांनो." पत्र्याच्या घरात राहणाऱ्या माणसाबद्दल त्यांना खरीखुरी कीव वाटायची. शेत होतं, ढाब्याला जागा दिलेली होती, कशाची ददात नव्हती. लेकरूबाळ नव्हतं.

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं, दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागायचं. "एसीवाल्या, थंडी आणता येत न्हाई. गरमी अडवता येती." मला हे पटायचं नाही. मी म्हणायचो, मालक, दुनियेचे एसी थंडीच आणतात, मी पोट त्याच्यावरच भरतो. ते म्हणायचे, "तुजं पोट भरू दे, पण भोकं आधी बुजव." आणि खरंच, मी मारुतीच्या जुन्या व्हॅनचा कॉम्प्रेसर आणून त्या गाडीला बसवला, तर हवा बर्फासारखी यायची आणि गाडीत पोचेपर्यंत कोमट व्हायची. तळातून, गिअरच्या भोवतालून, पायाशी वायरी जातात त्या भोकांतून इंजिनाची वाफ सरळ आत. उदबत्ती घेऊन आम्ही दोघं मग आळीपाळीनं बसायचो. शेजारपाजारचे हसायचे. एक म्हातारी तर येऊन गाडीला हळदकुंकू वाहून गेली.

एके दिवशी वैतागून मी विचारलंच. "मालक, नाक्यावर भाड्याच्या गाड्या उभ्या असतात. चांगल्या एसीच्या. हिच्यात बसून तुम्हाला कुठं जायचंय नेमकं?"

ते पान्हा उचलून गाडीखाली गेले. उत्तर दिलं ते ओट्यावर बसलेल्या काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं. काकू बोलक्या, ठेंगण्या, कपाळाला मोठं कुंकू. ताकाचा तांब्या माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "मला माहेराला न्यायचं हाय त्यांला. डोंगरकड्याला."

"मग न्या की."

"ह्याच गाडीत. उन्हाचं. तसं मीच बोलून बसले ना!" आणि हसायला लागल्या.

ती गोष्ट त्यांनी मला बऱ्याचदा सांगितली, दर वेळी हसतच. लग्न वैशाखातलं, डोंगरकड्याला. आईवडील लहानपणीच गेलेले, थोरल्या भावानं वाढवलेलं. नवरदेव ही गाडी घेऊन आला तर सगळा गाव बघायला लोटला. भर दुपारी वरात निघाली. नवी नवरी, अंगावर शालू, डोक्यावरून पदर, मुंडावळ्या, आणि ही बंद गाडी. कळमनुरी यायच्या आधीच त्यांना उलटी झाली आणि शुद्ध गेली. मागून भाऊ जीपमध्ये येत होता. त्यानं बहिणीला ओढून बाहेर काढलं, बाभळीखाली निजवलं, तोंडावर पाणी मारलं आणि सगळ्या वऱ्हाडासमोर नवरदेवाला म्हणाला, "बहीण दिली का भट्टीला सरपण दिलं आमी?" नवरदेव मान खाली घालून उभा. वऱ्हाडातले काही जण हसले.

"मला शुद्ध आली तर पहिलं ते हसणं कानावर पडलं," काकू सांगायच्या. "आन ह्यांचं तोंड पाह्यलं. एवढंसं झालं होतं रे! मला असा संताप आला! आडव्यानंच म्हणले भावाला, दादा, मी माहेराला आता ह्याच गाडीत येईन. उन्हाचीच येईन. तवर येणार न्हाई."

नवरीला जीपमध्ये घालून सासरी पोचवलं. काकूंनी शब्द पाळला. भाऊ पहिल्या भाऊबीजेला आला, जेवला, बोलला, पण "चल" म्हणाला नाही. त्याला वाटलं, बहीण आपण होऊन म्हणेल. बहिणीला वाटलं, भाऊ आपला शब्द मागं घेईल. मालकांना वाटलं, गाडी थंड झाली की सगळंच मिटेल. पुढं भावाचं येणं थांबलं. दर साली हळद निघाली की डोंगरकड्याहून तेवढं एक हळकुंडांचं पोतं यायचं, कुण्या टेम्पोवाल्याच्या हाती, निरोप नाही, काही नाही. काकू ती हळद दळायच्या आणि वर्षभर भाजीत घालायच्या.

मला राग यायचा. तिघांचाही यायचा. एक शब्द कुणी बोललं असतं तर सरळ झालं असतं, हिंगोलीहून बस मिळते, काही काशी-रामेश्वर नाही. मी एकदा काकूंना तसं बोललोही. त्या म्हणाल्या, "आता माझ्या जाण्याचं काय न्हाई रे. एवढी वर्षं हे त्या गाडीखाली लोळून राह्यले. मी बसनं गेले तर ह्यांचं काय ऱ्हातं?"

त्यानंतर मी कामाला खरा लागलो.

माझ्या आधी मालकांनी काय काय करून पाहिलं होतं ते ऐकण्यासारखं होतं. पायाशी बर्फाची लादी ठेवून टेबलफॅन लावला होता, तर हिंगोलीपर्यंत गाडीत घोटाभर पाणी झालं. मागच्या काचेला वाळ्याचा पडदा बांधून त्याच्यावर पाणी सोडलं होतं, तर मागचं काही दिसेना आणि एका म्हशीला धक्का लागला. टपाला पांढरा चुना फासला होता. माझ्या काळात आम्ही जास्त शहाणपणानं चुका केल्या. एसीची गरमी बाहेर टाकणारी जाळी रेडिएटरच्या पुढं बसवली तर रेडिएटरला वारा मिळेना, गाडी थंड व्हायला लागली की इंजिन उकळायचं. हिंगोलीच्या बाजारात, ऐन गर्दीत, ती अशी काही फुसफुसली की लोक सिलिंडर फुटलं म्हणून पळाले. मालक शांतपणे उतरले, बॉनेट उघडलं आणि मला म्हणाले, "आत किती वेळ थंड होतं?" मग आम्ही ट्रॅक्टरचा जाड रेडिएटर कापून बसवला, दोन जादा पंखे लावले.

तळाचं काम काकूंनी केलं. मी बाजारात मिळणारी गरमी परतवणारी कापडी-चंदेरी पत्री लावायला निघालो होतो, पण मालकांना ती पटेना. काकूंनी जुनी लुगडी काढली, एकावर एक अंथरली, आणि गाडीच्या तळाच्या मापाची वाकळ शिवली. दुसरी इंजिनाच्या भिंतीसाठी, तिसरी टपाच्या आतून. खाली माझी पत्री, वर त्यांची वाकळ. गाडीत शिरलं की घरच्या ट्रंकेचा वास यायचा. आणि उदबत्तीचा धूर आता सरळ वर जायचा, हलायचा नाही.

थंडी मोजायची मालकांची रीत वेगळीच होती. माझ्याकडं काटा होता, पण काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते काकूंची खोबरेल तेलाची बाटली घेऊन यायचे आणि सीटवर ठेवायचे, काकूंच्या जागेवर. आमच्याकडं थंडीच्या दिवसांत खोबरेल गोठतं, बायका ते उन्हात ठेवून पातळ करतात. मालकांचं म्हणणं, "वैशाखातल्या दुपारी ह्या सीटवर खोबरेल गोठलं पाहिजे. मग समजायचं, हिवाळा झाला. मग ती बसंल." दर उन्हाळ्यात आम्ही त्या बाटलीला घेऊन हिंगोलीच्या चकरा मारायचो. बाटली पुढच्या सीटवर ऐटीत, मी मागं गुडघे छातीशी घेऊन, आणि मालक गाडी चालवता चालवता बाटलीकडं बघून राहिलेले. परत आलो की काकू ओट्यावरून विचारायच्या, "गोठलं का?" मालक बाटली हलवून दाखवायचे. आत तेल डुचमळायचं. त्या म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या, पुढच्या साली."

मग एका उन्हाळ्यात त्यांनी विचारलं नाही.

सुरुवातीला कुणाच्या ध्यानात आलं नाही. चहात साखर दोनदा पडायची, कधी पडायचीच नाही. टपाची वाकळ त्यांनी शिवली, उसवली, पुन्हा शिवली, पुन्हा उसवली, आणि विचारलं तर म्हणाल्या, ही नवीनच घेतलीय हातात. एकदा मला ताक देताना "तू कोणाचा रे बाबा?" म्हणाल्या. मी हसलो, मला वाटलं चेष्टा करतायत. त्या हसल्या नाहीत.

मालकांचं निदान तयार होतं. उष्णता. त्यांच्या लेखी जगातला कुठलाही आजार दुसऱ्या कशानं होतच नव्हता. "डोक्यात गरमी गेली तिच्या. चुलीपुढं बसून बसून." मग सब्जाचं पाणी, गुलकंद, डोक्याला आवळ्याचं तेल. दुपारी जेवण झालं की ते स्वतः काकूंचे तळपाय मांडीवर घेऊन काशाच्या वाटीनं घासत बसायचे, वाटी काळी पडली की दाखवायचे, "बघ, किती निघाली." एवढ्या मोठ्या जमीनदाराला बायकोचे पाय चोळताना बघून गावातले लोक नाकं मुरडायचे. मी म्हणालो, मालक, ही गरमी नाही, नांदेडला डॉक्टरला दाखवू. ते म्हणाले, "गाडी होऊ दे. गाडीतच नेऊ. आता उन्हाची बाहेर काढली तर आणखी वाढंल." आणि अधिकच जोरानं गाडीला भिडले. गाडी थंड झाली की काकूंचं डोकंही थंड होणार, असं त्यांनी मनात धरलं होतं. मला त्यांच्याशी भांडता आलं नाही. ते चूक होते, आणि त्या चुकीत त्यांचा सगळा जीव होता.

शेवटी थंडी पडल्यावर आम्ही दुसऱ्याच गाडीतून काकूंना नांदेडला नेलं. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. विस्मरणाचा आजार आहे म्हणाला, गेलेलं परत येत नाही, आहे ते जपा. मालकांनी एकच प्रश्न केला, "उन्हानं झालं का?" डॉक्टर नाही म्हणाला. मालक बराच वेळ खुर्चीतून उठले नाहीत. परत येताना अर्धापूरजवळ म्हणाले, "आयुष्यभर एकाच दुश्मनाला धरून बसलो बघ."

मला वाटलं, आता गाडीचा नाद सुटेल. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायला गेलो तर ते बॉनेट उघडून बसलेले. "तिचा शब्द हाय," म्हणाले. "ती इसरली. मी न्हाई."

पुढच्या वैशाखात खोबरेल गोठलं.

ऐन दुपारी हिंगोलीहून परत येत होतो. बाटलीकडं मीच आधी पाहिलं. खालून पांढरं धरायला लागलं होतं, बघता बघता वरपर्यंत आलं. मालकांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बाटली उचलली आणि उलटी केली. थेंब पडला नाही. बाहेर डांबर पाघळत होतं आणि आत माझे दात वाजत होते. मी आनंदानं ओरडलो. ते ओरडले नाहीत, बाटली पंच्यात गुंडाळून छातीशी धरली आणि एका हातानं गाडी घरापर्यंत आणली.

घरात पळतच गेले. बाटली काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती हलवली, उलटी केली, बोटानं दाबून पाहिली आणि काळजीनं म्हणाल्या, "हिवाळा लागला का? गोधड्या काढाव्या लागतील आता."

मालक तिथंच उंबऱ्यावर बसले.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. मालकांनी डोंगरकड्याला फोन करून मेव्हण्याला एवढंच सांगितलं होतं, "घेऊन येऊन राहिलो." काकूंना नवं पातळ नेसवलं, केसात मोगरा माळला. मुद्दाम बाराच्या पुढं निघालो, शब्द तसा होता. मी मागं, कारण वाटेत काही बिघडलं तर हात हवा. काहीच बिघडलं नाही. पट्टा नीट, पंखे नीट, हवा अशी गार की बाहेरचं ऊन खोटं वाटावं. मालक ताठ बसून गाडी चालवत होते. मी त्यांना इतकं देखणं कधी पाहिलं नव्हतं.

कळमनुरी मागं पडल्यावर काकूंनी पदर अंगाभोवती ओढून घेतला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "थंडी वाजून राहिली मला."

मालकांनी ऐकलं नसावं असं मला वाटलं. त्या पुन्हा म्हणाल्या, लहान पोरीसारख्या, "बंद करा ना हे. लई थंडी वाजती."

मालकांनी हात पुढं केला आणि बटण बंद केलं. मग आपल्या बाजूची काच खाली केली, वाकून काकूंच्या बाजूचीही केली. झळ एकदम आत आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते झळेनं आलं नव्हतं. काकूंनी हात बाहेर काढून वाऱ्यात धरला आणि खूश झाल्या. आखाडा बाळापूरपासून पुढं, केळीच्या बागा लागल्यावर, त्या रस्ता ओळखायला लागल्या. "हा ओढा. इथं आमी धुणं धुतो." मालक प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत होते.

भाऊ अंगणात काठी टेकून उभा होता. पिकलेला, वाकलेला, डोक्याला पागोटं. घरातल्या सुनेनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. म्हातारा पुढं आला आणि बहिणीपुढं त्यानं हात जोडले. "बाई, मी लई वंगाळ बोललो होतो त्या दिशी. मला तवाच कळलं होतं. तोंड उघडलं न्हाई. मला माफ कर."

काकूंनी त्याच्याकडं निरखून पाहिलं, आणि चेहरा उजळला. "आबा!" त्या म्हणाल्या. "आबा, तुमी इथं हाव व्हय? मी सगळीकडं बघून राहिले."

आबा म्हणजे त्यांचे वडील. भाऊ म्हातारपणी वडिलांसारखा दिसायला लागला होता. तो बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, काय झालं, कोण बोललं तुम्हाला, असं विचारत राहिली. ज्याच्यासाठी एवढी वर्षं गेली ते भांडण आता फक्त दोन म्हाताऱ्यांजवळ उरलं होतं. माफ करणारं माणूस तिथं नव्हतंच.

जेवणं झाली. काकू घरभर फिरल्या, चुलीजवळ बसून सुनेच्या हातातलं पीठ ओढून घेतलं आणि भाकरी थापली, गोल, बिनचूक. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. ऊन उतरल्यावर मालक उठले. "चला," म्हणाले.

काकू भावाच्या मागं सरकल्या. "आबा, हे पाव्हणे कोण हायत?"

मालक पुन्हा म्हणाले, "चल ना. घरी जाऊ."

"मी न्हाई जात," काकू म्हणाल्या. भावाचा सदरा मुठीत धरला होता. "आबा, त्यांला सांगा ना. मी न्हाई जात."

सून समजवायला गेली तर त्या रडायला लागल्या. मालकांनी हात करून सुनेला थांबवलं. मग गाडीतून काकूंची पिशवी काढली, त्यात औषधं होती, फणी होती, ती ओट्यावर ठेवली. मेव्हण्याला म्हणाले, "दुधाशिवाय गोळी देऊ नका." आणि गाडीत बसले. मी मागच्या जागेकडं वळलो तर म्हणाले, "पुढं बस आता."

वाटेत त्यांनी एसी लावला. संध्याकाळ झाली होती, गरज नव्हती. वाशिम रोडला लागल्यावर मग म्हणाले, "तिला तिथं बरं वाटून राहिलं, न्हाई?" मी व्हय म्हणालो.

काकू तिथंच राहिल्या. मालक दर आठवड्याला जायचे, त्याच गाडीत, नेमके दुपारचे. गावात लोक बोलायचे, बायको माहेरी ठेवली म्हणून. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. मला मात्र परत आले की सांगायचे. आज तिनं फुलं वेचली. आज वेणी घातली होती. एकदा म्हणाले, "आज बोलली माझ्याशी. पदर घेऊन दारात आली आन म्हणली, कोण्या गावचे पाव्हणे? एवढ्या उन्हाचं कशाला आलात? बसा, माठातलं पाणी देते."

"मग तुम्ही काय म्हणालात? गाडी थंड आहे म्हणून सांगायचं ना."

"काय सांगू?" मालक म्हणाले. "पाणी पेलो."

असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मालक दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दार लावलेलं, खिडक्यांना ओले पडदे, खोली गार. मेव्हणा काठी टेकत मातीला आला, एकटाच आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तिला सांगायचं न्हाई. कुंकू ऱ्हाऊ द्या तिचं." भावकीतले दोनचार जण कुरकुरले, रीत आहे म्हणाले. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं पाहिलं तसे गप्प झाले.

पंधरवड्यानं मी डोंगरकड्याला गेलो, मालकांच्या घरातलं काकूंचं सामान पोचवायला. दुपार होती. काकू दारात बसल्या होत्या, कपाळावर कुंकू, पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र शेजारी झाकून ठेवलेलं. त्या रस्त्याकडं बघत होत्या. मला त्यांनी ओळखलं नाही, पण बसा म्हणाल्या. मग हळूच विचारलं,

"ते पाव्हणे येत असतात ना, लांबून. काहून आले न्हाईत?"

मी मेव्हण्याकडं पाहिलं. म्हाताऱ्यानं मान फिरवली.

"ऊन लई हाय, काकू," मी म्हणालो.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "तकलीफ होत असंल त्यांला. तुमाला भेटले तर सांगा, उन्हाचं येऊ नका म्हणावं. दिवस कलल्यावर या."

सांगतो, म्हणालो. त्यांनी तांब्या उघडून मला पाणी दिलं.